घंटांची नोंद आधी, ऑइलपेंट नंतर

आगाशीशेजारचा अर्नाळा मराठ्यांनी 1737 साली घेतला, आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केली. या मोहिमेत पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा हाती लागल्या आणि पुढे महाराष्ट्रभरच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची, भीमाशंकरची.

नाशिकच्या घंटेवर 1721 हे साल आहे. मेणवलीच्या घंटेवर 1707, शिवाय बाळ येशूला घेतलेली मेरी.

युद्धातली वस्तू ओळखायची कशी, हे युरोपातल्या संग्राहकांकडून शिकावे. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन वैमानिकाची ‘एलकेपीएन 101’ ही जाळीची उन्हाळी टोपी हाती आली की ते आतले लेबल वाचतात, शिवण पाहतात, गळ्याशी बसणारे मायक्रोफोन तपासतात. नकला फार असल्याने विक्रेत्याच्या कहाणीवर कोणी विसंबत नाही.

आपल्याकडे मात्र घंटेवर क्रूस दिसला की ती ‘वसईची’ ठरते. साल 1739 नंतरचे असेल, तर ती त्या लुटीतली असूच शकत नाही, एवढी साधी पडताळणीही होत नाही.

घंटा देवळातून हलवण्याची गरज नाही. पण राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने देवस्थानांना सोबत घेऊन प्रत्येक घंटेचे छायाचित्र, वजन, लेख आणि साल नोंदवावे. शंभर वर्षांपुढची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते. जीर्णोद्धारात तिच्यावर रंगाचा हात फिरवण्याआधी हे काम उरकायला हवे.