फोटोखालची ओळ

साखळीचे पट्टे आणि पुढे आलेली नळी दिसली की आपल्याकडे तो रणगाडा ठरतो. आणि फोटो १९६५ च्या युद्धातला असला की हमखास ‘पॅटन’. घोटीहून देवळाली काही लांब नाही. ‘के-नाइन वज्र’ ही पट्ट्यांवर चालणारी तोफ २०१८ मध्ये तिथेच तोफखान्यात दाखल झाली. तिलाही लोक रणगाडाच म्हणतात. बोलण्यात हे खपते. जुन्या युद्धचित्रांखाली तेच छापले जाते तेव्हा मात्र इतिहास बिघडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या युद्धात पाकिस्तानकडे पॅटन होते तसे शेर्मनही होते, आणि शेर्मन आपल्याकडेही होते. आपला मुख्य भार सेंच्युरियनवर. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर सेंच्युरियन घेऊनच लढले आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी धारातीर्थी पडले. एखाद्या जळालेल्या सेंच्युरियनखाली ‘शत्रूचा पॅटन’ असे छापले, तर आपल्याच जवानांचे मरण शत्रूच्या नुकसानीत जमा होते. याला किरकोळ चूक कसे म्हणायचे?

ओळखायचे कसे? नळीवर विसंबू नये. आपल्याकडच्या कित्येक शेर्मनना पुढे दुसऱ्या तोफा बसवल्या होत्या. आधी खाली पाहावे. पट्टा ओढणारे दात्यांचे चाक शेर्मनला पुढे असते, पॅटन आणि सेंच्युरियनला मागे. सेंच्युरियनच्या चाकांवर बाजूने पत्र्याचा पडदा असतो. पॅटनची सहाही चाके उघडी दिसतात. (पडदा काढून ठेवलेला सेंच्युरियनही भेटतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.)

दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंत तर आपलीच एक गाडी हरवून बसली आहे. चार चाकांची, चिलखती, दिसायला अगदी बेढब. सांगाडा कॅनडातल्या फोर्डचा, पोलाद जमशेदपूरचे टाटांचे. म्हणून तिला ‘टाटानगर’ हे नाव पडले. १९४० ते १९४४ या काळात अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या हिंदुस्थानात तयार झाल्या, आणि उत्तर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश इथवर गेल्या. तिच्याखाली ‘ब्रिटिश गाडी’ एवढेच लिहिले की जमशेदपूरच्या भट्टीपुढे घाम गाळणारा कामगार चित्रातून पुसला जातो.

आपल्या तालुक्यातही एखाद्या घरात पणजोबांचा लष्करी गाडीला टेकून काढलेला फोटो असेल. ती गाडी टाटानगर निघाली, तर फोटो १९४० च्या आधीचा नाही एवढे तरी पक्के होते. गाडीवरची डिव्हिजनची खूणही पाहावी. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा गरुड लाल होता. पण कृष्णधवल फोटोत लाल रंग काळपट उतरतो, तेव्हा भिंग घ्यावे.

घोटी-सिन्नर रस्त्याने संगमनेरमार्गे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला गेले, की तिथे १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. फोटो बरोबर न्यावा आणि चाके मोजून पाहावीत. आणि तो चौकटीत बसवण्यापूर्वी मागची बाजू जरूर वाचावी. कधी शिक्का, कधी पेन्सिलीने लिहिलेले गावाचे नाव तिथेच असते.