वार्ताहर सुखरूप परतला काय?

पत्रकारावर हल्ला झाला म्हणजे निषेधाची सभा भरते, तहसीलदारांस निवेदन दिले जाते, काळ्या फिती लागतात आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्या निवेदनाचे छायाचित्र येते. आम्हीही अशी छायाचित्रे छापली आहेत. निषेध अवश्य व्हावा. पण हल्ला होण्यापूर्वी त्या वार्ताहराच्या वृत्तपत्राने त्याच्यासाठी काय केले होते, हे त्या सभेत कोणी विचारीत नाही. तो प्रश्न आज आम्ही स्वतःसच विचारीत आहोत, आणि त्याचे उत्तर देताना आम्हांस संकोच वाटतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांस महाराष्ट्र विसरला नसावा. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी, नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या एका समर्थकाविषयी त्यांनी लिहिलेली बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीस मोटारीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उपचार चालू असता त्यांचा अंत झाला. ज्याच्याविषयी ती बातमी होती त्याच इसमास पोलिसांनी अटक करून त्याजवर खुनाचा आरोप ठेवला. न्यायाचा भाग न्यायालयाचा; आम्हांस येथे दिसते ती वेळ. बातमी तयार होत असता संपादकवर्ग कागद तपासतो, वकिलाचा सल्ला घेतो, शब्द मवाळ करतो. बातमी एकदा छापली की आमची चिंता संपते, आणि नेमकी त्याच क्षणी वार्ताहराची सुरू होते. तालुक्याच्या गावी बसलेल्या बातमीदारास आपली बातमी अमुक दिवशी लागणार हे पुष्कळदा ठाऊकच नसते. स्टँडवर अंक हाती पडला म्हणजे ते त्यास कळते, आणि त्याच सुमारास ते त्याच्या शत्रूसही कळते! अशी बातमी छापण्यापूर्वी त्यास एक दूरध्वनी करावा, पुढील काही दिवस त्याने नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या वेळी, एकट्याने जाऊ नये असे बजावावे, यास खर्च तो किती येणार? मुंबईत ११ जून २०११ रोजी पवई येथे भरदिवसा गोळ्या घालण्यात आल्या तेव्हा जे. डे हेही आपल्या मोटारसायकलवरून एकटेच जात होते. छोटा राजन व त्याच्या साथीदारांस जन्मठेप झाली ती मे २०१८ मध्ये, म्हणजे जवळजवळ सात वर्षांनी.

धोका अनोळखी माणसाकडूनच येतो असेही नाही. छत्तीसगडमधील विजापूरचे मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ च्या सायंकाळी घराबाहेर पडले, ते परतले नाहीत. रस्त्याच्या कामातील गैरव्यवहार त्यांनी उजेडात आणला होता. ३ जानेवारीस एका ठेकेदाराच्या आवारातील, वरून काँक्रीट ओतलेल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. आरोपींत त्यांचे नातलगच आहेत. ओळखीच्या माणसाने बोलावले म्हणजे कोठे जातो हे सांगण्याची गरज कोणास वाटत नाही, आणि तीच गरज येथे सर्वांत मोठी होती.

या संदर्भात अमेरिकेतील एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. फिनिक्स शहरातील डॉन बोल्स हा वार्ताहर २ जून १९७६ रोजी एका खबऱ्यास भेटावयास निघाला, तेव्हा टंकलेखन यंत्रावर चिठ्ठी ठेवून गेला. आपण कोणास भेटणार, नंतर कोठे जाणार आणि दीडच्या सुमारास परत येणार, एवढेच तीत होते. मोटारीखाली लावलेल्या बाँबने तो जबर जखमी झाला व अकरा दिवसांनी मरण पावला. चिठ्ठीने त्याचा जीव वाचला नाही, हे खरेच. पण त्यास कोणी बोलावले होते हे हुडकण्यात पोलिसांचा वेळ गेला नाही. पुढे निरनिराळ्या वृत्तपत्रांतील सुमारे ४० पत्रकार त्या शहरी जमले आणि त्या राज्यातील भ्रष्टाचाराचा तपास त्यांनी मिळून केला. एकास संपवून काम संपत नाही, हे मारेकऱ्यांस त्यामुळे समजले असावे. म्हणूनच जोखमीच्या कामावर निघण्यापूर्वी जमविलेल्या कागदांची एक प्रत दुसऱ्या विश्वासू सहकाऱ्याच्या हाती असावी, हेही आम्ही रक्षणाच्या साधनांतच धरतो.

शाळेची सहल निघाली म्हणजे मास्तर मुले मोजून नेतो आणि मोजून आणतो. आम्ही ते काम बरीच वर्षे केले आहे. वृत्तपत्राच्या कचेरीत आल्यावर मात्र ती साधी सवय सोडली, याचे आता नवल वाटते. कोण कोठे गेला, कोणास भेटणार, कितीस परत येणार आणि न आल्यास प्रथम कोणास कळवायचे, याची एक वही असावी. ठरल्या वेळी फोन आला नाही तर अर्ध्या तासात शोध सुरू व्हावा. ‘येईल हो, कोठेतरी चहा घेत असेल’ हे उत्तर त्या वेळी चालू नये.

धमकीचा फोन हसण्यावारी नेण्याची आमच्या धंद्यात जणू रीतच पडली आहे. तारीख, वेळ, क्रमांक व शब्द टिपून ठेवावेत आणि पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. आपण या घटकेस कोठे आहोत हे समाजमाध्यमांवर जाहीर करू नये, ते काम आटोपून परतल्यावर करावे. मोबाइलला कुलूप असावे, आणि ज्यांनी विश्वासाने माहिती दिली त्यांची नावे त्यात उघडी नसावीत. तो हिसकावला गेल्यास पत्रकाराबरोबर तेही उघडे पडतात. दंगलीत जमावाच्या मधोमध न शिरता कडेस, निघण्याची वाट पाहून उभे राहावे. अश्रुधुराचा संभव असल्यास डोळ्यांत काँटॅक्ट लेन्स घालून जाऊ नये. पुराचे पाणी किती खोल आहे हे सांगण्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभे राहण्याची जी नवी हौस वृत्तवाहिन्यांवर दिसते, तीस आम्ही पत्रकारिता म्हणावयास तयार नाही.

कायदा आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांस प्रतिबंध करणारे विधेयक संमत केले, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये ते अमलात आले. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तीत तरतूद आहे. पण कायदा येतो तो घाव बसल्यावर.

कोल्हापूर प्रकरणी १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या काळी लेखणीची जोखीम संपादकाच्या स्वतःच्या मानेवर असे. आज संपादकाच्या दाराशी पहारेकरी असतो, आणि जोखीम जाते ती ज्याच्यापाशी नेमणुकीचे पत्र नाही, विमा नाही, आणि ज्यास महिन्याकाठी मिळणाऱ्या मानधनात धड पेट्रोलही भागत नाही अशा तालुक्याच्या बातमीदाराकडे. सोबत माणूस न्या, रात्री उशीर झाल्यास मुक्काम करा, असा उपदेश त्यास करणे सोपे आहे. त्या दुसऱ्या माणसाचे भाडे आणि त्या मुक्कामाचे बिल कोण देणार, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्यापुरते ते आम्ही देऊ. वही कालपासून रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकांच्या मेजावर ठेवली आहे, आणि तीतील शेवटचा वार्ताहर परतल्याची नोंद झाल्यावाचून त्यांनी कचेरी सोडू नये, असे त्यांस कळविले आहे.