पंचनामा कोण लिहितो?



चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीची परीक्षा देऊन मी पाड्यावर आलो होतो. एका सकाळी माझा काका बांधाजवळ पालथा पडलेला सापडला. ज्या बांधावरून सावकाराशी दोन वर्षं भांडण चालू होतं, तोच बांध. डोक्याला मागून जखम, सदरा रक्ताने भिजलेला.

जमादार दुपारी आला. पंच बरोबरच घेऊन आला. एक बाजारातला हॉटेलवाला, दुसरा सावकाराच्या भातगिरणीवरचा माणूस. त्याने विचारलं, "इथं लिहायला कुणाला येतं?" लोकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बस, मी सांगतो तसं लिही." मी लिहिलं. "सदर इसम ताडाच्या झाडावरून पडून मयत झाला असावा, असे आम्हा पंचांचे मत आहे."

तो पंचनामा माझ्या अक्षरात आहे. पुढे आपला मोर्चा गेला तेव्हा साहेबांनी फाइल उघडून तोच कागद दाखवला. म्हणाले, "तुमच्याच पोराच्या हातचा आहे, आता काय बोलता?" प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून बंद झालं.

आता मी काय लिहिलं नाही ते सांगतो. तिथून सगळ्यात जवळचा ताड दोन शेतं पलीकडे होता. काकाचा ताडावर चढायचा दोर आणि मडकं घरी खुंटीला होतं. ताडावरून घसरलेल्या माणसाची छाती आणि हात सोलवटतात, काकाच्या छातीवर ओरखडासुद्धा नव्हता. बांधावरची माती रक्ताने काळी झाली होती आणि तिथून गवत आडवं झालेलं होतं, ओढत नेल्यासारखं. प्रेत पालथं होतं, पण पाठ जांभळी पडली होती. माणूस मेल्यावर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि काही तासांनी तो डाग तिथंच पक्का होतो. पाठ जांभळी म्हणजे तो आधी उताणा होता, मग कुणीतरी पालथा केला. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण डोळ्याला दिसत होतं, आणि दिसलं ते मी लिहिलं नाही.

आपण जमिनीसाठी लढणारी माणसं. सातबारा काय चीज आहे ते आपल्याला शिकवावं लागत नाही. आजा-पणजाने कसलेली जमीन, पण तलाठ्याने नाव दुसऱ्याचं लावलं की आपण चोर. पंचनाम्याचं तेच आहे. त्यात रक्त लिहिलं नाही तर रक्त सांडलंच नाही. सातबाऱ्यासाठी आपण वर्षानुवर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवतो, आणि पंचनाम्यावर मात्र न वाचता अंगठा देतो.

कायदा काय म्हणतो? 2024 पर्यंत हे फौजदारी प्रक्रिया संहिता 1973 च्या कलम 174 मध्ये होतं. संशयास्पद मरण असेल तर पोलिसाने जागेवर जाऊन, शेजारच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर तपास करायचा. अंगावर जखमा, मोडलेली हाडं, मुका मार काय आहे आणि तो कशाने झालेला दिसतो, ते लिहायचं. आणि सही कुणी करायची? ज्यांना ते पटलं असेल त्यांनी. नीट वाचा हे. पटत नसेल तर सही न करणं हा गुन्हा नाही.

झडतीसाठी त्याच संहितेत कलम 100 होतं. तिथंही त्याच वस्तीतले स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पाहिजेत, आणि जप्त मालाची यादी घरवाल्याला मिळाली पाहिजे. मग बाजारातला हॉटेलवाला आमच्या पाड्याचा रहिवासी कधीपासून झाला? प्रतिष्ठित कोण? ज्याच्या ओट्यावर जमादार चहा पितो तो? चाळीस वर्षं नागली पिकवणारी आमची म्हातारी प्रतिष्ठित नाही काय?

हाच कागद उलटा आपल्यावरही चालतो. जंगलखात्याचा गार्ड कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. नंतर त्यावर लाकूडतोडीची कबुली उगवते. मारामारीच्या केसमध्ये "आरोपीने कोयता काढून दिला" असा पंचनामा होतो. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्ट मानत नाही, पण 2024 पर्यंत लागू असलेल्या 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचं कलम 27 म्हणत होतं की आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर सांगण्याचा तेवढा भाग चालतो. आता मला सांगा, कुठल्या आदिवासीच्या घरात कोयता नाही? आणि कोंबडी-बकरं कापलेलं रक्त कुठल्या कोयत्यावर नसतं? म्हणून विचारलं पाहिजे, तपासणीला पाठवला का? सरकारी प्रयोगशाळेत डाग रक्ताचा आहे का, माणसाचा की जनावराचा, माणसाचा असेल तर गट कोणता, हे सांगता येतं. पण माल वेगवेगळ्या पुडक्यात बांधून, पंचांसमोर लाखेचं सील करून गेला असेल तरच त्याला किंमत. सील तुटलं की आरोपीचा वकील तिथंच धरतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, "माती गोळा करून काय होणार? वर बसलेले आपले आहेत का? मोर्चा हाच आपला पुरावा." त्यांचा राग खरा आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आपल्या समाजाच्या एका पोरीवर अत्याचार झाला. तिचे कपडे, पोलिसाचे कपडे तपासले गेले. तरी 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडून दिलं. अंगावर जखम नाही, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा अर्थ लावला. ठाण्यात दार लावून घेतलेली गरीब पोर भीतीने गप्प होते, हे त्यांना सुचलं नाही.

पण पुढचंही सांगा ना. 1979 मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी तो निकाल ओळ न् ओळ वाचून उघड पत्र लिहिलं. त्यावर देशभर बाया रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. आता ठाण्यातल्या अशा अत्याचारात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, की कोर्टाने तसंच धरून चालायचं. आधी कागद वाचला, मग मोर्चा निघाला, म्हणून हे झालं. आमच्या मोर्च्याला साहेबांनी कागद दाखवून परत लावलं, कारण कागद आम्ही आधीच हातचा घालवला होता.

म्हणून प्रत्येक पाड्याने बैठक घेऊन एवढं ठरवावं.

एक. घटना झाली की जागेभोवती दोर किंवा काटेरी फांद्या लावा. माणसं, गुरं, पोरं आत नकोत. माणूस जिवंत असेल तर आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर.

दोन. घरात झालं असेल तर बायांनी जमीन सारवू नये. आपली रीत आहे, रक्त दिसलं की शेणाने सारवायचं. पोलीस येऊन जाईपर्यंत थांबा. बाहेर असेल तर रक्तावर, पावलांच्या ठशांवर टोपली किंवा घमेलं पालथं घाला.

तीन. आपण स्वतः काही उचलू नका. पोलिसाला उचलायला लावा. रक्ताची माती वेगळी, तिथलीच साधी माती वेगळी. ओले कपडे सावलीत वाळवून कागदात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, तिथं ते कुजतात.

चार. पाड्यातले दोन जण पंच म्हणून पुढे व्हा. पंचनामा मोठ्याने वाचून घ्या. ताडापासून अंतर पावलांनी मोजा आणि लिहायला लावा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. पोलिसाला दिलेल्या जबाबावरही सही नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे.

पाच. जे दिसलं ते त्याच दिवशी आपल्या वहीत लिहा, वेळ आणि हजर माणसांच्या नावासकट. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या.

हे सगळं करूनही न्याय मिळेलच असं मी म्हणत नाही. पण खोटं लिहायला त्यांना त्यांचाच माणूस आणावा लागेल. आपल्या पोराचा हात मिळणार नाही.

माझी काकी अजून त्या बांधावर नागली लावते. तिने मला एकदाच विचारलं, "तू का रे लिहिलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या पाड्यातल्या शिकलेल्या पोरावर ही वेळ येऊ देऊ नका.

पाड्याचा पंचनामा, पाड्याच्या डोळ्यादेखत! जिंदाबाद!