लहान होडींतील निजण्याची जागा

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, तिचा खरेपणा तपासून पाहण्याची आवश्यकता कोणासहि भासत नाहीं. श्रमानें थकलेल्या मनुष्यास धोंड्याची उशीहि चालते, हें जमिनीवर खरें आहे. कारण धोंडा कितीहि कठीण असला तरी तो एके ठिकाणीं स्थिर असतो. समुद्रावर मात्र ही म्हण लागू पडत नाहीं. तेथें अंथरूण कठीण आहे कीं मऊ आहे हा प्रश्न दुय्यम असून, तें निजणाऱ्यास धरून ठेवतें कीं फेंकून देतें, हा प्रश्न मुख्य होय. पंचवीस ते पस्तीस फूट लांबीच्या ज्या शिडाच्या होड्यांतून हौशी लोक दूरवरचा सागरप्रवास करतात, त्यांच्याविषयीं हा प्रश्न जितका महत्त्वाचा आहे तितकाच तो दुर्लक्षितहि आहे.

माझें मत थोडक्यांत असें आहे. अशी होडी निवडतांना किंवा बांधतांना निजण्याच्या जागेचा विचार डोलकाठी, शिडें व सुकाणू यांच्या बरोबरीनें झाला पाहिजे. उरलेल्या कोपऱ्यांत शेवटीं फळ्या ठोकून तो उरकतां कामा नये. आणि होडींत एकंदर बिछाने किती आहेत हें न मोजतां, होडी चालूं असतां त्यांपैकीं किती उपयोगी पडतात हें मोजलें पाहिजे. तीस फुटी होडींत सहा माणसांची निजण्याची सोय आहे अशी जाहिरात पुष्कळदां वाचावयास मिळते. बंदरांत नांगर टाकल्यावर ती सोय खरी असते. परंतु भर समुद्रांत त्या सहांपैकीं दोन जागीं जरी झोंप लागली तरी पुष्कळ झालें.

कोणी म्हणेल, सुखासीन मनुष्यानें समुद्रावर जावेंच कशाला? परंतु येथें सुखाचा प्रश्न नाहीं. लहान होडींत माणसें दोन, तीन किंवा चार. रात्रंदिवस पाळीपाळीनें पहारा करावा लागतो. एकाची पाळी संपली म्हणजे तीन-चार तासांत पुन्हा त्याची हाक येते. मधल्या वेळांत त्यास झोंप मिळाली नाहीं, तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं त्याची नजर मंदावते, हिशेब चुकतो, दीपगृहाचे दिवे मोजण्यांत घोटाळा होतो आणि शीड कमी करण्याचें काम 'थोड्या वेळानें करूं' म्हणून राहून जातें. एवढ्या चुका होडी खडकावर जाण्यास पुरेशा आहेत. सुकाणूं धरणारा हात निजलेल्या मस्तकाच्या विश्रांतीवर चालतो, हें विसरून चालणार नाहीं.

आतां जागा कोणती? शाळेंतील साधें गणित येथें उपयोगी पडतें. लाटेवर होडी तराजूच्या दांडीप्रमाणें आपल्या मध्याभोंवतीं वरखालीं झुलते. तीस फुटी होडी मध्यापासून दहा अंश वर व दहा अंश खालीं झुलते असें धरा. मध्यापासून चौदा फुटांवर, म्हणजे पुढच्या टोंकाशीं, निजलेला मनुष्य प्रत्येक लाटेस सुमारें अडीच फूट वर उचलला जातो व तितकाच खालीं आपटला जातो. म्हणजे एकंदर पांच फुटांचा झोका. उलट, मध्यापासून तीन फुटांवर निजलेल्यास तो झोका एकंदर एक फुटाचाच बसतो. लाट एकच, होडी एकच. परंतु एकास झोंप येते व दुसऱ्यास ओकारी. म्हणून समुद्रावरील बिछाना मध्याजवळ किंवा मध्याच्या किंचित् मागें, व जितका खालीं असेल तितका चांगला. १८९५ ते १८९८ या काळांत 'स्प्रे' या आपल्या सुमारें सदतीस फुटी होडींतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला नाविक जोशुआ स्लोकम हा अझोर्स बेटें सोडल्यावर पोटाच्या कळांनीं व्याकुळ झाला, तेव्हां तो केबिनच्या तळफळीवर जाऊन पडला. अनुभवी नाविकाचें शरीर अशा वेळीं आपोआप सर्वांत खालची जागा शोधतें.

याच विचारानें एक जुनी गोष्ट पाहण्याजोगी आहे. गालील समुद्रावर वादळ उठलें असतां प्रभु येशू तारवाच्या मागच्या भागीं उशीवर निजला होता, असें मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत सांगितलें आहे. १९८६ सालीं त्याच सरोवराच्या कांठीं चिखलांत इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची एक होडी सांपडली. तिची लांबी सुमारें सत्तावीस फूट, म्हणजे आजच्या लहान पर्यटननौकेएवढीच आहे. आपण त्या प्रसंगांत श्रद्धेचा धडा वाचतों तो योग्यच. परंतु होडी जाणणाऱ्याच्या दृष्टीस त्यांतील जागेचा उल्लेखहि पडल्यावांचून राहत नाहीं. पुढच्या टोंकास कोणी निजत नाहीं.

असें असतांहि आजच्या बहुतेक होड्यांत सर्वांत मोठा व देखणा बिछाना पुढच्या निमुळत्या टोंकांतच असतो. त्याच्या बाजूनें बोलणारे म्हणतात कीं, कोणतीहि होडी वर्षांतील अधिक दिवस बंदरांतच घालवते, मग बंदरांतील सुखासाठीं जागा कां देऊं नये? हें म्हणणें निराधार नाहीं. नांगरलेल्या होडींत तेथील झडप उघडली म्हणजे वारा सरळ आंत येतो. आपल्यासारख्या उष्ण देशांत त्याचें मोल फार आहे. तो बिछाना काढून टाका असें मी म्हणत नाहीं. तो समुद्रावरील बिछान्यांत मोजूं नका, एवढेंच म्हणतों. प्रवासांत तेथें शिडांच्या पिशव्या खुशाल निजोत.

जागा ठरल्यावर मापाचा विचार. घरीं रुंद पलंग सुखाचा. होडींत तो शत्रु होतो, कारण प्रत्येक झोक्यास मनुष्य त्यावर लोळत राहतो व त्याचे स्नायु झोंपेंतहि ताठलेले असतात. खांद्याशीं एकवीस ते चोवीस इंच रुंदी पुरे. पायांकडे ती आणखी कमी चालते. लांबी मात्र साडेसहा फुटांपेक्षां कमी नसावी. आणि बिछाना होडीच्या लांबीशीं समांतर असावा. आडवा असल्यास होडी एका अंगास कलली कीं डोकें खालीं व पाय वर अशी स्थिति होते, आणि शिडाची होडी तर तासन् तास एकाच अंगास कललेली असते. याच कारणास्तव दोहों बाजूंस एकेक बिछाना असणें इष्ट, म्हणजे वारा कोणत्याहि बाजूनें असला तरी एक बिछाना खालच्या अंगास मिळतो व निजणारा होडीच्या भिंतीस टेकून राहतो.

वरच्या अंगास निजावेंच लागलें तर शिडाच्या जाड कापडाचा पडदा हवा. त्याची खालची कड गादीखालीं फळीस लांकडी पट्टीनें व स्क्रूंनीं घट्ट बसवावी आणि वरचे दोन कोपरे दोरीनें छताकडील भक्कम कड्यांस बांधावे. पडदा गादीच्या वर दीड फूट तरी यावा व कमरेपासून खांद्यापर्यंतचा भाग त्यानें झांकला जावा. गांठ अशी असावी कीं, आंत निजलेल्यास ती एका हातानें सोडतां यावी; नाहींतर संकटाच्या वेळीं तोच पडदा पाश होईल. हें काम करण्यास मोठा कारागीर लागत नाहीं. थोडें कापड, दोरी व एक रविवारची दुपार एवढ्यांत साधतें. जुनी होडी सुधारूं इच्छिणाऱ्यानें पहिला पैसा येथेंच खर्च करावा.

या काळजीची किंमत 'सुहैली' नौकेच्या वृत्तांतावरून कळते. ही सुमारें बत्तीस फुटी नौका मुंबईस सागवानी लांकडाची बांधलेली. तींतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडांतील फाल्मथ बंदर सोडलें आणि कोठेंहि न थांबतां, ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परत येऊन एकट्यानें विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य हा मान मिळविला. दक्षिण महासागरांत ते निजले असतां एका लाटेनें नौका आडवी केली आणि केबिनमधील जड सामान त्यांच्या अंगावर येऊन पडलें. यावरून दुसरा नियम निघतो: निजणाऱ्याच्या वर व समोर एकहि जड वस्तु मोकळी असूं नये. पेट्यांस कड्या, कपाटांस खिट्या व पुस्तकांस आडव्या पट्ट्या असल्याच पाहिजेत.

तिसरी गोष्ट ओल व हवा यांची. निजलेला मनुष्य रात्रभरांत श्वासानें व घामानें पेलाभर तरी पाणी बाहेर टाकतो. तें बाष्प गादीतून खालीं जातें, थंड फळीवर त्याचें पाणी होतें, आणि थोड्याच दिवसांत गादीखालीं बुरशी धरते. यासाठीं गादीखालची फळी अखंड नसावी. दोन-दोन इंचांच्या पट्ट्या इंचभर अंतरानें बसवाव्या किंवा फळीस भोंकें पाडावीं. काथ्याची जाळीदार चटई मध्यें घातली तरी पुष्कळ काम होतें. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून खारट कपड्यांनीं अंथरुणावर जाऊं नये व चादरी गोड्या पाण्यांतच धुवाव्या. झडपा बंद असतांहि हवा यावी यासाठीं १९३० सालच्या 'डोराड' या अमेरिकन नौकेवरून प्रसिद्ध झालेली पेटी उत्तम: वाऱ्याचा भोंगा एका बाजूस, आंत जाणारी नळी उंच व दुसऱ्या बाजूस, पाणी पेटींत राहून बाहेर वाहून जातें, हवा आंत जाते. मागच्या बाजूच्या बोगद्यासारख्या बिछान्यास अशा हवेची विशेष गरज असते, कारण ती जागा हालचालीच्या दृष्टीनें बरी असली तरी कोंदट व इंजिनाच्या उष्णतेची असते.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. होडींतील बिछाना हें तेथील रुग्णालयहि असतें. गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें व अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें, दुसऱ्यांनीं विनाथांबा, एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. याच टॉमी यांची गोव्यांतच बांधलेली, 'सुहैली'च्या नमुन्याची 'थुरिया' नौका २१ सप्टेंबर १९१८ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१८ सालीं त्याच दिवशीं, हिंदी महासागरांतील वादळांत सांपडली. डोलकाठी मोडली, पाठीस जबर इजा झाली, उठतां येईना. २४ तारखेस फ्रेंच जहाज येऊन पोंचेपर्यंत ते होडीच्या आंतच पडून होते. अशा दिवसांत मनुष्यापाशीं डोलकाठी नसते, शीड नसतें. असते ती केवळ अंग टेकण्याची जागा.

म्हणून जे तरुण पुढें कोंकणच्या वा गोव्याच्या किनाऱ्यावर अशा होड्या बांधतील, विकत घेतील किंवा त्यांवरून प्रवासास निघतील, त्यांना माझें सांगणें इतकेंच कीं, रंग व पितळेची चकाकी पाहण्यापूर्वीं बिछान्यावर आडवे व्हा. बंदरांत नव्हे, लाटांवर. पांच मिनिटें नव्हे, तासभर. दोन्ही हात सोडून निजतां येत असेल तर ती होडी विचार करण्याजोगी आहे. येत नसेल, तर विकणाऱ्यास कापड व दोरी किती लागेल तें विचारा, आणि तें लावण्यास जागाच नसेल, तर नमस्कार करून दुसरी होडी पहा.