रक्त आमचे, प्रबंध कोणाचा?

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांच्या नाक्यावर फलक लागतात. वैद्यकीय महाविद्यालयात निघालेल्या मुलामुलींचा बुद्धविहारात सत्कार होतो. आईवडील स्टेजवर येतात, टाळ्या पडतात. हे झालेच पाहिजे. ज्या समाजाला दवाखान्याच्या पायरीवर ताटकळत ठेवले गेले, त्या समाजाची लेक स्टेथोस्कोप गळ्यात घालते ही साधी गोष्ट नव्हे. पण हीच मुले पुढे एम.डी. झाल्यावर, किंवा वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रात, जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्यांच्यापैकी किती जण वैद्यकशास्त्रातील पीएच.डी.साठी अर्ज करतात? हा प्रश्न आम्ही अनेक कार्यकर्त्यांना विचारून पाहिला. बहुतेकांचे उत्तर एकच होते : पोरगा आधीच डॉक्टर आहे, पुन्हा डॉक्टर कशाला व्हायचे?

या उत्तरातच आमचे नुकसान दडलेले आहे. मराठी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र या विषयांत आंबेडकरी संशोधकांची एक फळी उभी राहिली. तिने इतिहास नव्याने लिहिला, प्रस्थापितांच्या पोथ्या तपासल्या. वैद्यकशास्त्रात मात्र अशी फळी दिसत नाही. रोगी तपासणारे डॉक्टर आमच्यात झाले. कोणत्या रोगाचा अभ्यास करायचा, कोणाच्या शरीरावर करायचा आणि त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा, हे ठरवणारे संशोधक आमच्यात अगदी थोडे आहेत.

विदर्भातील वाचकांना सिकलसेल हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातील सिकलसेलवरील लेख 'लॅन्सेट' या नामवंत नियतकालिकात छापून आला. त्यासाठी ज्यांचे रक्त तपासले गेले त्यांत तेव्हाच्या महार समाजाचे लोक होते. त्यानंतरच्या सहा-सात दशकांत आदिवासी आणि बौद्ध वस्त्यांतून रक्ताचे किती नमुने गेले असतील! त्यावर किती प्रबंध झाले, किती बढत्या झाल्या! आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी आजारी मूल जन्मण्याची शक्यता असते. हा हिशोब विज्ञानाला ठाऊक आहे, पण तो आमच्या लग्नाच्या बैठकीत पोहोचलेला नाही. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिची आखणी आदिवासी क्षेत्रांभोवती झाली. आदिवासी बांधवांना ती मिळालीच पाहिजे. पण नागपूर-चंद्रपूर-भंडाऱ्याच्या बौद्ध वस्तीतील वाहकांचे काय, हा प्रश्न प्रबंधाच्या, आकड्यांच्या आणि पुराव्याच्या भाषेत कोण मांडणार? मोर्चाने प्रश्न ऐरणीवर येतो. धोरण बदलण्यासाठी हातात पुरावा लागतो, आणि तो संशोधक तयार करतो.

दुसरे उदाहरण याहून कडू आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस अभ्यासाच्या नावाखाली देण्यात आली. त्यांत आश्रमशाळांतल्या, वसतिगृहांतल्या आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. पालकांच्या संमतीच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या झाल्याचे उघड झाले. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. लस वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. गरिबाच्या लेकीची संमती कोणीही परस्पर देऊन टाकतो, कारण अभ्यास आखणाऱ्या टेबलाभोवती तिच्या घरचे कोणी बसलेले नसते, हे आमचे म्हणणे आहे.

म्हणून पीएच.डी.चा अर्ज हा केवळ करिअरचा कागद नव्हे. त्या टेबलाभोवतीच्या खुर्चीवरचा तो दावा आहे. आणि दावा म्हटला की तो नीट दाखल करावा लागतो, हे आम्ही वकिली व्यवसायामुळे जाणतो.

प्रथम कायदा समजून घेऊ. १९९९ च्या डॉ. प्रीती श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकातील अतिविशेष अभ्यासक्रमांसाठी, म्हणजे डी.एम. आणि एम.सीएच.साठी, आरक्षणाचे दार बंद केले. त्या निकालाचा हवाला देऊन 'वैद्यकात उच्च पातळीवर आरक्षण नसतेच' असे आमच्या मुलांच्या तोंडावर सांगितले जाते. मुलेही ते खरे मानून घरी परततात. पीएच.डी. ही डी.एम. नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या पीएच.डी. नियमांत प्रवेश देताना केंद्राचे वा राज्याचे आरक्षण धोरण पाळण्याचे बंधन स्पष्ट शब्दांत आहे. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुणांची अट आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे. पीएच.डी.च्या किती जागा उपलब्ध आहेत हे संस्थेने आधी जाहीर केले पाहिजे, असेही हे नियम सांगतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचा वाटा १३ टक्के आहे, तर केंद्रीय संस्थांत २००६ च्या कायद्याने १५ टक्के. मात्र त्याच कायद्याच्या कलम ४ आणि अनुसूचीने होमी भाभा राष्ट्रीय संस्था, टाटा मूलभूत संशोधन संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा काही संस्थांना आरक्षणाबाहेर ठेवले आहे. ज्ञानाच्या सर्वात उंच मजल्यावर आमच्यासाठी जिना बांधायचाच नाही, असे ठरवणारी ही तरतूद आहे. तिच्याविरुद्ध चळवळीने आजवर किती निवेदने दिली?

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ. अडवणूक तीन ठिकाणी होते.

पहिले ठिकाण मार्गदर्शकाचे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. म्हणजे जागा मोजक्या असतात आणि त्या कोणाला द्यायच्या याची बोलणी अर्ज निघण्याच्या कितीतरी आधी, प्रयोगशाळेत चहा पिताना झालेली असतात. ज्यांचे काका-मामा त्याच महाविद्यालयात प्राध्यापक आहेत त्यांना हे ठाऊक असते. आमचा विद्यार्थी जाहिरात आल्यावर जागा होतो. तेव्हा एम.डी.च्या वा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षापासूनच विषय शोधावा, मार्गदर्शकांचे लेख वाचावेत, त्यांना लेखी विचारणा करावी. तोंडी नकाराला कागदावर किंमत नसते.

दुसरे ठिकाण मुलाखतीचे. आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेने निवड होते तेव्हा लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे ३० टक्के काय करू शकतात? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात प्रा. अब्दुल नफे समितीने २०१६ मध्ये गुणांची तपासणी केली, तेव्हा मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेच्या तुलनेत तोंडी परीक्षेत सातत्याने कमी गुण पडत असल्याचे दिसले. खुद्द वैद्यकाच्या क्षेत्रात प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्गात, परीक्षेत आणि वसतिगृहात मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीची नोंद केली. मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी या आमच्या आदिवासी भगिनीचा मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेताना मृत्यू झाला. ती जखम अजून भरलेली नाही. आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका विद्यार्थिनीला मुलाखतीत तिच्या संशोधन आराखड्यावर एकच प्रश्न विचारला गेला. बाकीचा वेळ वडील काय करतात, कोणत्या वसतिगृहात राहिलीस, यात गेला. अशा वेळी रडत बसू नये. बाहेर पडताच विचारलेले प्रश्न, वेळ, उपस्थितांची संख्या तारखेसह लिहून ठेवावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपले लेखी व तोंडी गुण, प्रवर्गनिहाय जागा आणि बिंदुनामावली मागावी. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलेला आहे. कागद हाती असेल तर वकील भांडू शकतो. नुसत्या अन्यायाच्या भावनेवर न्यायालयात तारीखसुद्धा मिळत नाही.

याच टप्प्यावर जातीच्या दाखल्याने अनेकांचा घात होतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, पण केंद्रीय संस्थेत केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. राज्याचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र एका बाजूला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही संच जाहिरात येण्यापूर्वी तयार हवेत.

तिसरे ठिकाण पैशाचे. केंद्राच्या अनुसूचित जाती राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीच्या वर्षाला दोन हजार जागा आहेत, आणि जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम सुरुवातीला दरमहा ३७ हजार आणि नंतर ४२ हजार अशी वाढली. पण तिची निवड यूजीसी-नेट आणि सीएसआयआर-नेटच्या गुणांवर होते. आमचे वैद्यकीय विद्यार्थी नेटकडे फिरकतच नाहीत, कारण ती कला-वाणिज्यवाल्यांची परीक्षा असा समज आहे. वस्तुतः सीएसआयआरच्या जीवविज्ञान विषयाला एम.बी.बी.एस. झालेला उमेदवार बसू शकतो, आणि सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य हा यूजीसी-नेटचा स्वतंत्र विषय आहे. परदेशी जायचे असेल तर राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींच्या आहेत, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे.

राहिली बार्टी. बाबासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या या अधिछात्रवृत्तीसाठी २०२२ च्या तुकडीतील ७६३ संशोधकांना रस्त्यावर उतरावे लागले. २४ डिसेंबर २०२३ च्या चाळणी परीक्षेत तर २०१९ च्या सेटची जुनीच प्रश्नपत्रिका पुढे आल्याने गदारोळ झाला आणि ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. त्याच महिन्यात विधान परिषदेत राज्याच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून ही मुले कोणते दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा प्रश्न केला होता. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९२३ मध्ये लंडनच्या परीक्षकांनी परत पाठवलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध बाबासाहेबांनी दुरुस्त करून पुन्हा सादर केला आणि डी.एस्सी. पदवी मिळवली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अर्धवट सोडून यावे लागलेले शिक्षण त्यांनी पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा सुरू केले होते. त्या दिव्याच्या उजेडात या देशाची राज्यघटना लिहिली गेली.

पदवीनंतर पुढे काय, ही पालकांची शंका रास्त आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र या पाच विभागांत वैद्यकीय एम.एस्सी.-पीएच.डी. धारकांना अटींसह अध्यापक होण्याची वाट दिली आहे. तिथे आमचा अध्यापक बसला तर पुढच्या दहा मुलांना मार्गदर्शक मिळेल, मुलाखतीच्या मंडळात एक चेहरा आपला असेल.

चळवळीने काय करावे? सत्कार समित्यांनी हार-तुऱ्यांच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढून जिल्ह्याजिल्ह्यांत पीएच.डी. अर्ज मार्गदर्शन केंद्र चालवावे. आमच्या समाजातील निवृत्त प्राध्यापकांनी महिन्यातले दोन रविवार संशोधन आराखडे तपासण्यास द्यावेत. आणि आमच्या वकील बांधवांना एक विनंती. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार नैतिकता समितीत एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असणे बंधनकारक आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या या समित्यांवर आपली नावे जावीत म्हणून प्रयत्न करा. संमतीपत्र मराठीत आहे का, ते अंगठा उठवणाऱ्या बाईला वाचून दाखवले का, हे विचारणारा माणूस तिथे हवा. यात आम्ही स्वतःलाही वगळत नाही.

समाजबांधवांनो, आमचे रक्त नळीत भरून नेले जाते तेव्हा त्या नळीवर क्रमांक असतो, नाव नसते. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मात्र नाव असते. येत्या प्रवेशफेरीत ते नाव आपल्या वस्तीतल्या मुलीचे असावे असे वाटत असेल, तर तिला आजच विचारा : विषय ठरला का, मार्गदर्शकाला पत्र गेले का, केंद्राचा दाखला काढला का? जयभीम.