घरचे टिश्यू कल्चर : छंद जरूर, धंदा जपून

केळी लागवडीचा हंगाम जवळ आला की रोपांची चौकशी सुरू होते. रोपे महाग, वेळेवर मिळत नाहीत, ही नेहमीची तक्रार. त्यात अलीकडे एक नवा प्रश्न कानावर येतो. गावातली शिकलेली पोरं मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून विचारतात, "साहेब, टिश्यू कल्चर घरी करता येतं का?"

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर सरळ आहे. घरी करता येते, शिकण्यासाठी जरूर करावे. पण घरच्या बाटलीतली केळीची रोपे शेजाऱ्याच्या शेतात जाऊ देऊ नयेत. असे का, ते नीट समजून घेतले पाहिजे.

उतिसंवर्धन म्हणजे झाडाचा लहानसा जिवंत तुकडा जंतुविरहित बाटलीत, अन्नद्रव्याच्या खिरीवर वाढवून त्यापासून पूर्ण रोप तयार करणे. अशी कल्पना ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी क्षारांचे जे मिश्रण दिले, ते एमएस माध्यम म्हणून आजही जगभर वापरात आहे. आपल्या राज्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यात सुरुवातीचे मोठे काम केले. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत उसाची रोपे या पद्धतीने होतात. जळगाव जिल्ह्यात ग्रँड नैन केळीचे बाग एकसारखे वाढून बरोबरीने काढणीला येऊ लागले, त्यातही या रोपांचा मोठा वाटा आहे.

घरी काय लागते?

एमएस माध्यमाची भुकटी तयार पाकिटात मिळते. एक लिटर पाण्याला साधारण ३० ग्रॅम साखर आणि ७ ते ८ ग्रॅम अगर लागते. सामू ५.८ च्या आसपास ठेवावा लागतो. एका लिटरमध्ये जॅमच्या पंचवीसेक बाटल्या होतात. फुटवे वाढवायला बीएपी आणि मुळ्या फुटायला आयबीए ही संजीवके अगदी अल्प, मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतकी लागतात.

निर्जंतुक करण्यासाठी घरचा प्रेशर कुकर चालतो. शिट्टी झाल्यावर आच कमी करून वीस मिनिटे ठेवावे. बाटल्यांची झाकणे थोडी सैल असावीत. कुकर आपोआप थंड होऊ द्यावा. घाईने वाफ सोडली तर माध्यम उकळून बाटलीबाहेर येते.

प्रयोगशाळेत गाळलेल्या हवेच्या कपाटात काम चालते. घरी त्याऐवजी हात घालण्यापुरती भोके ठेवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी वापरतात. पंखा बंद, दारे-खिडक्या बंद, बोलणेही बंद. हात आणि हत्यारे ७० टक्के अल्कोहोलने पुसावीत. मात्र त्या पेटीत ज्योत पेटवू नये. अल्कोहोलची वाफ क्षणात भडकते, हे विसरू नका.

झाडाचा तुकडा आधी वाहत्या पाण्यात धुवायचा, मग अर्धा मिनिट अल्कोहोलमध्ये, त्यानंतर पातळ केलेल्या ब्लीचच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्याने तीनदा धुवायचा. बाटल्या २५ अंशांच्या आसपास, ट्यूबलाइटखाली रोज सोळा तास ठेवायच्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि भारनियमनात हे सांभाळणे हीच पहिली अडचण.

सुरुवातीला निम्म्याहून जास्त बाटल्यांत बुरशी आली तरी नवल मानू नये. बुरशीची बाटली घरात उघडू नये, झाकणासकट पुन्हा कुकरमध्ये उकळून मगच धुवावी. नवशिक्याने शेवंतीच्या डोळ्यापासून सुरुवात करावी. केळीचा कंद मातीतला, त्यामुळे जंतू खोलवर असतात. शिवाय कापल्यावर चीक काळा पडून कोंब खराब होतो.

खरा धोका कशात?

बुरशी डोळ्यांना दिसते, विषाणू दिसत नाही. तोटा तिथे होतो. कुकुंबर मोझॅक म्हणजेच सीएमव्ही, आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात, तो रोग असलेल्या झाडाचा मुनवा घेतला तर ब्लीचने बाहेरचे जंतू मरतात, आतला विषाणू तसाच राहतो. कोंब हिरवागार वाढतो. महिन्याला एका कोंबाचे तीन झाले असे धरले, तर सहा फेऱ्यांत ७२९ होतात. मूळ कोंब रोगट असेल तर त्याच हिशेबाने रोगही वाढला. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ रोपे बसतात. म्हणजे एका चुकीच्या मुनव्यातून जवळपास अर्ध्या एकराची बाग बिघडू शकते. पुढे मावा तो रोग शेजारच्या बांधावर नेतो, ते वेगळेच.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावल भागात सीएमव्हीने काय केले, ते शेतकऱ्यांना सांगायला नको. लागवड झालेली झाडे उपटून टाकावी लागली. रोग झालेल्या झाडावर औषध नाही, उपटून नष्ट करणे हाच उपाय.

टिश्यूचे रोप म्हणजे रोग न येणारे रोप, हा गैरसमजही काढून टाकावा. मातृवृक्ष तपासलेला असेल तर रोप लावताना निरोगी असते, एवढेच. त्यापुढे मावा, काकडीवर्गीय आंतरपीक आणि बांधावरचे तण सांभाळले नाही तर त्यालाही रोग येतो. दुसरे म्हणजे, त्याच कोंबापासून फार फेऱ्या काढल्या तर वेडीवाकडी, वेगळ्या गुणांची झाडे निघू लागतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा सात-आठ फेऱ्यांवर थांबतात आणि नवीन कंद घेतात.

याच कारणाने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ साली उतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत सुरू केली. त्यात विषाणू तपासणी आणि जातीचा एकसारखेपणा पाहिला जातो. फळरोपांच्या विक्रीसाठी राज्यात १९६९ पासून रोपवाटिका कायदा आहे, परवाना लागतो. घरच्या पेटीत विषाणूची तपासणी होत नाही. "पी हळद अन् हो गोरी" अशा घाईने कोणी विक्रीत उतरला, तर तोटा त्याचा कमी आणि घेणाऱ्याचा जास्त.

मग तरुणांनी काय करावे?

छंद म्हणून शेवंती, नेचे, शोभेची झाडे बाटलीत वाढवून आपल्याच अंगणात लावावीत. ऑर्किडचे बारीक बी या पद्धतीने उगवताना पाहणे हा चांगला अभ्यास आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनालाही उत्तम.

पैसा मिळवायचा असेल तर रोपे कणखर करण्याचे काम बघावे. प्रयोगशाळेतून आलेले बाळरोप थेट उन्हात जगत नाही. आधी दमट हरितगृहात, मग शेडनेटखाली पिशवीत दीड-दोन महिने सांभाळावे लागते. परवाना काढून, प्रमाणित प्रयोगशाळेकडून रोपे घेऊन, कीटकरोधक जाळीत हे काम गावात होऊ शकते. यात निर्जंतुक खोली लागत नाही, पाणी आणि सावलीची जाण लागते. ती आपल्या माणसांकडे आहे.

रोपे घेणाऱ्यांनी पक्के बिल, लॉट क्रमांक आणि प्रमाणपत्राचे लेबल मागावे आणि ते बाग निघेपर्यंत जपून ठेवावे. बिल नसेल तर तक्रारीला आधार राहत नाही. सरपंच आणि गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी लागवडीआधीच्या ग्रामसभेत एवढी गोष्ट सांगितली आणि टेम्पोतून बिनबिलाची रोपे विकायला येणाऱ्यांची माहिती तालुका कृषी कार्यालयाला कळवली, तरी पुष्कळ बागा वाचतील.