हौसेचा माग आणि पोटाचा माग

हल्लीं शहरच्या शिकलेल्या मंडळींस हातमाग शिकण्याची हौस लागली आहे. हौस वाईट नव्हे. स्वतः धोटा फेंकल्याशिवाय कापडाचें मोल कळत नाहीं. परंतु चार दिवसांत गळपट्टा विणणारा हौशी आणि येवल्यास पैठणी विणणारा कारागीर यांस एका मापानें मोजूं नये. हौशाचा धागा तुटला तर तो हंसतो. विणकराचा तुटला तर मजुरी बुडते. पदरावर मोर उठवितांना रंगारंगाच्या निराळ्या कांड्या घेऊन, ताण्याचे धागे मोजीत बाणा गुंतवावा लागतो. ही विद्या वर्षानुवर्षें हात चालवून येते; पण शाळेचा दाखला नाहीं, म्हणून तिला विद्या कोण म्हणतो?

२०१९-२० च्या हातमाग गणनेंत देशांत विणकर व सहाय्यक मिळून सुमारें ३५ लक्ष कामगार आढळले. त्यांत बायकाच अधिक. निम्म्याहून जास्त विणकर घरांची मासिक मिळकत ५,००० रुपयांच्या आंत होती.

हौशी बंधूंनो, जरूर शिका. पण विणकरास गुरु माना, गुरूची फी द्या, आणि त्याच्या कापडावर घासाघीस करूं नका. कारागीर बंधूंनो, तुम्हीही कला फुकट शिकवूं नका. पोरांस मागाबरोबर हिशेब शिकवा, आणि कांड्या भरणाऱ्या घरधनिणीची मजुरी कापडाच्या किंमतींत धरा.